तिसरा हेडफोन

"डोक्यावर घाल, मग बोल," इकबाल म्हणाला आणि हेडफोन त्यानं स्वतःच माझ्या कानांवर बसवला.

दुकानातला पंखा, रस्त्यावरच्या रिक्षा, शेजारच्या रसवंतीतली घुंगरं, सगळं एकदम लांब गेलं. इकबालचे ओठ हलत होते. मी डोळे मिटले. खोटं कशाला सांगू, आणखी मिनिटभर तो हेडफोन डोक्यावर राहिला असता तर मी काउंटरला टेकून उभ्या उभ्या झोपलो असतो.

त्यानं तो काढला. "काय म्हणालो मी?"

"ऐकू आलं नाही."

"तेच म्हणालो. ऐकू येणार न्हाई म्हणालो." तो खूश झाला. "ह्यो मागनं बंद असतोय. आतलं बाहेर जात न्हाई, बाहेरचं आत येत न्हाई. अकरा हजार."

"आणि त्याहून कमीतला?"

इकबाल नदाफ दहावीपर्यंत माझ्या बाकावर बसायचा. सांगलीत स्टँडजवळ त्याचं स्पीकर-माइकचं दुकान होतं. त्यानं आणखी दोन खोकी काढली. दुसरा हेडफोन साडेचार हजारांचा, काळा, गुबगुबीत. तिसरा अठराशेचा, हलका, कानांवर कापडाची गादी असलेला.

"घालायला ह्यो झ्याक हाय," तिसऱ्याकडे बोट दाखवत तो म्हणाला. "पण बाहेरचं किती अडवंल ते मी लिहून देणार न्हाई. तिन्ही घरी ने. दोन दिवस घालून बघ. एक ठेव, दोन परत आण. डोक्याला तेल लावून बसू नकोस तेवढं."

"तेल लावायला वेळ आहे का मला?"

त्यानं माझ्याकडे नीट निरखून पाहिलं. "भावा, तू झोपतोस का रे?"

मी खोकी पिशवीत भरली.

या गोष्टीला आता नऊ वर्षं झाली. मी तेव्हा त्रेचाळीस वर्षांचा होतो आणि साठीचा दिसत होतो. माझं काम ऐकण्याचं होतं. पुण्यातली एक एजन्सी ध्वनिमुद्रणं पाठवायची आणि ती ऐकून मी शब्दन् शब्द टाइप करायचो. सोसायट्यांच्या वार्षिक सभा, संशोधकांनी घेतलेल्या मुलाखती, कुणाकुणाच्या चौकशा. टेबलाखाली पायाशी एक पेडल असे. ते दाबलं की आवाज सुरू, पाय उचलला की बंद. तासाभराची फाइल टाइप करायला शांत घरात चार तास लागतात. आमच्या घरात सात लागायचे, कारण आमच्या घरात आप्पा होते.

आप्पा म्हणजे माझे वडील, भूपाल मगदूम. हळदीच्या सौद्यात पुकारा करण्यात त्यांची चाळीस वर्षं गेली. त्यांच्या काळात व्यापारी रुमालाखाली हात घालून अडत्याची बोटं दाबायचे आणि बोटांवरच भाव सांगायचे. शेजारी उभ्या असलेल्यालाही पत्ता लागत नसे. सौदा ठरला, की आप्पा तो भाव आणि माल घेणाऱ्याचं नाव असं काही पुकारायचे, की यार्डाच्या दुसऱ्या टोकाला पोती उचलणारा हमाल मान वर करून बघायचा. या गोष्टीच्या दोन वर्षं आधी त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि डावी बाजू गेली. आवाज तेवढा जसाच्या तसा राहिला. डॉक्टर म्हणाले, नशीबवान आहात. डॉक्टर आमच्या घरी राहत नव्हते.

"शितल्याऽऽ! किती वाजलं?"

घड्याळ त्यांच्या समोरच्या भिंतीवर होतं.

"शितल्याऽऽ! पंखा कमी कर." कमी करून टेबलापाशी येतो न येतो तोच, "शितल्याऽऽ! उकडायलंय रे." एकदा मी कागदावर रेघा मारल्या होत्या. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा, त्रेचाळीस हाका. त्यातल्या सात-आठ खऱ्या गरजेच्या. बाकीच्या मी घरात आहे ना हे बघण्यासाठी. हाक आली की माझा पाय आपोआप पेडलवरून उचलला जायचा, आणि परत बसेपर्यंत वाक्य हातातून सुटलेलं असायचं.

मला त्यांचा राग यायचा. हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही, आता सांगायला हरकत नाही. कधी कधी त्यांची हाक ऐकून मी खुर्चीतच बसून राहायचो आणि दुसऱ्या हाकेची वाट बघायचो. आई गेलेली होती. माझं लग्न झालं होतं आणि मोडलंही होतं, ती हकीकत इथे नको. घरात आम्ही दोघेच.

आमच्या जैनांत शीतल हे पुरुषाचंही नाव असतं. एजन्सीच्या कुंटे मॅडम पहिले सहा महिने मला 'शीतलताई' असंच लिहीत होत्या. त्यांचाच त्या आठवड्यात फोन आला होता.

"शीतलजी, तुमच्या दोन फाइली उशिरा आल्या. तिसरीत बावीस रिकाम्या जागा आहेत."

"मॅडम, घरी जरा..."

"वडिलांचं मला कळतं हो. पण क्लायंटला मी काय सांगू? पुढच्या आठवड्यात संशोधनाच्या मुलाखती येतायत. रोज एक, संध्याकाळी सहाच्या आत. आता एक जरी चुकली तरी मला दुसरं माणूस बघावं लागेल."

त्याच दिवशी माझी बहीण पद्मजा हिचा इचलकरंजीहून फोन आला. मी मोरीत आप्पांची चादर धूत होतो. हात साबणाचे, म्हणून स्पीकर लावला.

"दादा, मिरजेत एक संस्था आहे, मी जाऊन बघून आले. स्वच्छ आहे. रात्रंदिवस सिस्टर असतात. तू असा किती दिवस काढणार आहेस?"

"काम टिकलं तर नाही गरज पडणार."

"आणि नाही टिकलं तर?"

"मग बघू."

"म्हणजे मग ठेवायचं ना? नक्की सांग. तिथे खाटा लगेच भरतात."

"काम नाही टिकलं तर दुसरा इलाज काय आहे?" मी म्हणालो.

मोरी आणि आप्पांची खोली यांच्यामध्ये एक भिंत आहे, आणि तिच्यात वरती एक झरोका आहे. त्या संध्याकाळी आप्पांनी अर्धीच भाकरी खाल्ली आणि किती वाजले हे एकदाही विचारलं नाही. मला वाटलं, जरा शांत आहेत तर बरंच झालं.

तर मी तिन्ही हेडफोन घरी आणले. आमच्या दोन खोल्या एकासमोर एक आहेत. मधलं दार उघडं ठेवलं की माझ्या खुर्चीतून आप्पांची खाट समोर दिसते. त्यांनी खोकी पाहिली आणि मान उचलली.

"काय रं ते?"

"कानाला लावायचं, आप्पा. कामासाठी. तिनातला एक घ्यायचाय."

"केवढ्याला?"

मी तिन्ही किमती सांगितल्या. अकरा हजार ऐकल्यावर त्यांनी उजवा हात कपाळाला लावला.

मुलाखतीतलं एकच मिनिट मी तिन्हींवर ऐकायचं ठरवलं. एक बाई संशोधकाला सुपं कशी विणतात ते सांगत होती. अकरा हजारांच्या हेडफोनमध्ये तिच्या बांगड्या वाजल्या, संशोधकानं चहाचा घोट घेतला, मागे एक शेळी होती आणि ती काहीतरी चावत होती, हे सगळं ऐकू आलं. आवाज म्हणाल तर तोडच नाही. पण त्याची पकड अशी, की वीस मिनिटांत माझी कानशिलं ठणकायला लागली. चष्म्याच्या काड्या कातडीत रुतल्या. काढला तेव्हा दोन्ही बाजूंना खळ्या पडल्या होत्या.

दुसऱ्यात तीच बाई रांजणात बसून बोलत असल्यासारखी वाटली. मिरवणुकीतल्या गाण्यांना तो बरा असेल, पण मला शब्द हवे होते. त्याच्या गाद्या रेक्झिनच्या, कानाला चिकटणाऱ्या. अर्ध्या तासात गळ्यापर्यंत घाम उतरला.

तिसऱ्यात ना शेळी, ना चहा. बाई मात्र समोर बसल्यासारखी सरळ बोलत होती. डोक्यावर काही आहे असं वाटतच नव्हतं. दिवसाचे आठ तास जे घालून बसायचं, त्याचं वजन मानेला विचारावं लागतं. माझी मान तिसऱ्याच्या बाजूनं होती, खिसाही त्याच्याच बाजूनं होता.

मी कानशिलं चोळताना, घाम पुसताना आप्पा समोरून सगळं बघत होते.

"मग त्यो हलका घे की."

"अजून एक बघायचंय."

आता जे बघायचं होतं त्याला दुसऱ्या खोलीतून आवाज देणारं माणूस लागत होतं. दुसऱ्या खोलीत एकच माणूस होतं. मला तेव्हा यात काही वावगंही वाटलं नाही, इतका मी दमलेलो होतो.

"आप्पा, एक काम कराल? मी हे कानावर घालून बसतो. तुम्ही मला हाक मारा. ऐकू आली की मी हात वर करीन."

ते खूश झाले. दोन वर्षांत त्यांना कुणी काम सांगितलं नव्हतं. उजव्या हातानं त्यांनी उशी मागे सारली, घसा खाकरला.

"कसली हाक मारू?"

"रोजची मारा. नेहमी मारता तशी."

पहिल्या हेडफोनमध्ये सुपवाल्या बाईच्या मागून 'शितल्याऽऽ' असं विहिरीच्या तळातून आल्यासारखं आलं. मी हात वर केला, पण अर्धाच. दुसऱ्यात जरा स्पष्ट आलं, मी पूर्ण हात केला. तो काढून मी तिसरा उचलला तेव्हा आप्पांनी विचारलं, "शितल्या, ह्यात चांगला कंचा म्हणायचा? हात वर केलेला का न केलेला?"

मी उत्तर द्यायला जरा वेळ लावला असणार.

"म्हणजे माझी हाक ज्यात येत न्हाई, त्यो घ्यायचा," ते म्हणाले.

"तसं नाही, आप्पा. बाहेरचे सगळेच आवाज..."

"बाहेर कोण हाय? मीच की."

ते रागावले नव्हते. सौद्यात माल बघून नुसती मान हलवावी तशी त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, "घाल त्यो तिसरा."

मी घातला. पेडल दाबलं. बाई बोलू लागली. समोर आप्पांनी छाती भरून घेतली, मानेच्या शिरा फुगल्या, तोंड उघडलं. वाकडी झालेली जिवणीसुद्धा जोर लावून उघडली. मला काहीही ऐकू आलं नाही. त्यांनी पुन्हा तोंड उघडलं, या वेळी उजवा हातही उचलला. बाई सुपाचे काठ कसे बांधतात ते सांगत होती. मी हात वर केला नाही.

हेडफोन काढल्यावर आप्पा धापा टाकत होते. "आली न्हाई?"

"नाही."

"तीनदा मारली." त्यांनी डोकं उशीवर टेकलं. "मग ह्योच घे. स्वस्त बी हाय."

अठराशेचा हेडफोन अकरा हजारांच्या हेडफोनपेक्षा जास्त आवाज अडवतो, हे माझ्यासारख्या कानांवर पोट असलेल्या माणसाला खटकायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी इकबालला खटकलं. परत आणलेली दोन खोकी उघडून बघत तो म्हणाला, "तिसऱ्यात काहीच आलं न्हाई? तुझ्या आप्पांची हाक? कमाल हाय बाबा." मी म्हटलं, "निघतो एखादा पीस चांगला." पैसे देऊन निघालो. मला ते खरं मानायचं होतं, म्हणून मी मानलं.

पुढचे दोन दिवस फार चांगले गेले. आप्पांना सांगितलं होतं, दर तासाला मी येऊन जाईन. घड्याळाच्या ठोक्याला उठायचो, पाणी द्यायचो, कूस बदलायचो, लघवीचं भांडं द्यायचो.

"हाक मारली होती का?"

"मारली हुती एकदा. जाऊ दे, काय खास नव्हतं."

पहिली मुलाखत पाचला गेली, दुसरी सव्वाचारला. कुंटे मॅडमनी उत्तरात अंगठा पाठवला. रिकाम्या जागा दोनच होत्या. पद्मजाला मी सांगून टाकलं, मिरजेचं तूर्त राहू दे. आप्पांनाही ते ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. त्या रात्री कित्येक महिन्यांनी मी सलग सहा तास झोपलो.

तिसऱ्या दिवशीची मुलाखत लांबलचक होती. एक म्हातारा गृहस्थ गावच्या तालमीबद्दल बोलत होता, आणि बोलता बोलता मध्येच कानडीत शिरत होता. अकरा वाजले तेव्हा मी एका अवघड जागी होतो. म्हटलं, हे एवढं पुरं करू आणि उठू. मग बारा वाजलेलेही मी पाहिले. दाराचा पडदा वाऱ्यानं सरकला होता, खाट दिसत नव्हती. आप्पा स्वस्थ होते. काही लागत असतं तर... इथपर्यंत विचार यायचा आणि म्हातारा पुढचं वाक्य बोलायचा.

एक वाजायच्या सुमारास माझ्या कानात भांडं पडलं.

आधी वाटलं, मुलाखतीतच पडलं. मी पाय उचलला, दहा सेकंद मागे गेलो, पुन्हा ऐकलं. तिथे भांडं नव्हतं. पाय उचललेला असतानाच पुन्हा आवाज आला. स्टीलचा पेला फरशीवर घरंगळत चालला होता. भिंतीला टेकला आणि थांबला. हेडफोन माझ्या दोन्ही कानांवर नीट बसलेला होता.

मी तसाच बसून राहिलो. मग ऐकायला लागलो. शेजारच्या घोरपड्यांच्या घरात कुकरची शिट्टी झाली, ती आली. गल्लीत कुणीतरी भंगारवाल्याला थांबवत होतं, ते आलं. घरंगळता पेला ज्यातून ऐकू येतो, त्यातून आप्पांची हाक येत नाही? यार्डाच्या त्या टोकाला जाणारी हाक?

मी हेडफोन गळ्यात ओढला आणि आत गेलो.

पेला खाटेखाली गेला होता. पाण्याचं तांब्या-भांडं ठेवलेलं स्टूल आप्पांच्या उजव्या हाताला होतं, पण हातभर लांब. सकाळी झाडताना मीच ते सरकवलं होतं. आप्पा खाटेच्या कडेला अर्धे लोंबकळत होते. मी त्यांना धरून वर घेतलं तेव्हा हाताला चादर ओली लागली. ती ओली होऊन थंडही पडली होती. वरून त्यांनी टॉवेल पसरून ठेवला होता. ओठ कोरडे, पांढरे पडले होते.

"किती वेळ झाला, आप्पा?"

"आत्ताच."

"हाक का नाही मारली?"

"मारली की. दोनदा मारली. तुला आली न्हाई." त्यांनी माझ्या गळ्याकडे पाहिलं. "चांगला हाय त्यो. पैसं वसूल झालं."

"मला पेला पडलेला ऐकू आला, आप्पा."

ते घड्याळाकडे बघायला लागले. मी पाणी दिलं. ते दोन पेले भरून पाणी प्याले. मग म्हणाले, "स्टीलचा आवाज येगळा असतोय. त्यो कशातनं बी जातोय."

"त्या दिवशीसुद्धा मारली नव्हती ना? नुसतं तोंड उघडलंत."

"तू घामाघूम झाला हुतास त्या दुसऱ्यात. आणि पयल्यानं डोकं धरलं हुतं तुझं."

"म्हणून?"

मी चादर काढली, त्यांना कोमट पाण्यानं पुसलं, लुंगी बदलली. पाठीला खाली एक लालसर चट्टा पडला होता. तिथे मी पावडर लावत असताना ते भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "तुझं काम गेलं की मला मिरजला जावं लागंल. मी ऐकलंय. तितं ओळखीचं कोण हाय रं माझ्या? तीन दिवस तोंड मिटून बसलो. आणि बसलो असतो, त्यो पेला पडला नसता तर."

मला रडू आलं नाही. रडण्याइतकी ताकद अंगात नव्हती. मला फक्त लाज वाटत होती, इतकी की मी त्यांच्या पाठीकडेच बघत पावडर लावत राहिलो. माझे आप्पा तहानलेले, ओल्या चादरीत, तोंड मिटून पडले होते, आणि पडद्याच्या पलीकडे मी मनातल्या मनात हेडफोनचं कौतुक करत होतो.

मी बाहेर जाऊन कुंटे मॅडमना फोन केला. म्हटलं, आजची फाइल सहाला होणार नाही. त्या म्हणाल्या, "शीतलजी, मी सांगितलं होतं तुम्हाला." मी म्हटलं, हो. कारण सांगितलं नाही. ती फाइल त्यांनी दुसऱ्या कुणाला दिली. पुढच्या महिन्यापासून माझं काम निम्मं झालं. ते पुरं गेलं नाही, यात त्यांचा चांगुलपणाच होता. निम्म्यात आम्ही भागवलं. पद्मजानं मिरजेचा विषय पुढे आणखी दोनदा काढला, आणि दोन्ही वेळा मी स्पीकर लावून, आप्पांच्या खाटेवर बसून तिला नाही म्हणालो. पण ते सगळं नंतरचं.

त्या दुपारी फोन ठेवून मी आत आलो. आप्पा उताणे पडून पंख्याकडे बघत होते. मी खाटेच्या कडेला बसलो, कोरडा टॉवेल घेतला, त्यांच्या उजव्या हातावर टाकला आणि खालून माझा हात सरकवला.

"काय करायलास?"

"सौदा. दिवसाला किती हाका?"

मला ताप चढला असावा, तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांची पाचही बोटं मुठीत धरून चारदा दाबली.

"वीस? येडा हाईस का? मग काम कवा करणार?" त्यांनी माझी दोन बोटं दाबली.

"दोनात काय होतंय?" मी तीनदा पाच दाबली.

त्यांनी पाच. त्यांची पकड अजून भक्कम होती. टॉवेलाखाली काय चाललंय ते चेहऱ्यावर येऊ द्यायचं नाही, हा त्यांच्या धंद्याचा रिवाज. वाकड्या जिवणीतही तो त्यांनी पाळला. मीच पाळू शकलो नाही.

"पाण्याची आणि भांड्याची हाक यात धरायची नाही," मी म्हणालो. "ती कितीही वेळा. आणि घड्याळाची धरायची."

"घड्याळ मला दिसतंय की."

"मला माहीत आहे."

त्यांनी थोडा विचार केला. मग माझी पाच बोटं दोनदा दाबली आणि माझा अख्खा पंजा आपल्या हातात घट्ट धरला. म्हणजे ठरलं.

"आता पुकारा करा," मी म्हणालो.

"पुकारा गिऱ्हाईक लांब असलं की करत्यात. तू तर हितं बसलायस."

मी उठलो. पडदा पूर्ण बाजूला केला, पलीकडच्या खोलीत जाऊन खुर्चीत बसलो, हेडफोन दोन्ही कानांवर नीट चढवला. पेडल दाबलं. तालमीचा म्हातारा कानडीतून परत मराठीत येत होता. समोर आप्पांनी कोपरावर जोर देऊन मान उचलली, छाती भरून घेतली, मानेच्या शिरा फुगल्या.

"दहाऽऽ! शीतल भूपाल मगदूऽऽम!"

मी हात वर केला.